अंगठा लांब ठेवायचा

कुताइसीच्या बाजारात, मसाल्यांच्या रांगेमागे
माझी साडेतीन हातांची टपरी.
त्सियालाने रुमालाची गाठ सोडली
आणि फळीवर ठेवला तळहाताएवढा संगणक.
हिरवट काच, कोपऱ्यावर दातांचे व्रण.
कुत्र्याचे, ती म्हणाली, गुरामचे नव्हेत.

पडदा गोठलेला. यादी अर्धी वर सरकलेली, अर्धी अडकलेली,
जिन्यात दम घ्यायला थांबलेल्या माणसासारखी.
"काहीही करा, पण आतलं जाऊ देऊ नका."
सगळे हेच म्हणतात.

याच्या पाठीला एक भोक असतं.
त्यात टोचलं की यंत्र दचकून उठतं, आठवण शाबूत.
पण टोचताना पुढचं बटणही दाबलेलं राहिलं
तर उठतं ते तान्हं होऊन:
तारीख विचारतं, नाव विचारतं,
आपलं म्हणून कोणी त्याला उरत नाही.

टोचायची पिन लेखणीच्याच पोटात असायची,
शेंडा फिरवला की निघायची.
लेखणी केव्हाच रिओनीत पडली, पुलावरून.
मी कागदाची क्लिप सरळ केली, घातली.
नुसतीच आत गेली. तळाशी कोणी नाही.
बटण तुटून आत खुळखुळत होतं.

मग उघडणं आलं.
उघडायचं तर सेल काढायचे,
आणि सेल काढले की एक एवढासा कपॅसिटर
सगळी आठवण उराशी धरून श्वास रोखतो.
नवा होता तेव्हा मिनिटभर रोखायचा.
आता किती, त्यालाच ठाऊक.

शेजारच्या झुराच्या रिमोटमधले दोन सेल मागून आणले
(अर्धा तास तो आवाज वाढवता येईना म्हणून ओरडत होता),
केसाएवढ्या दोन तारा आधी डकवल्या,
लाल अधिक, काळी उणे,
बायको पाठ करून घेते तसं तीनदा पुटपुटलो,
आणि मगच यंत्राचे स्वतःचे सेल उचलले.
पडदा जागच्या जागी. गोठलेला, पण होता.

चार स्क्रू. एकाचं डोकं झिजलेलं,
त्यावर रबरबँड ठेवून पेचकस दाबला.
आत तांब्याचे दोन ठिपके,
मधे मुंगी जेमतेम मावेल एवढी फट.
"अंगठा पुढच्या बटणापासून लांब," मी मलाच बजावलं,
आणि चिमट्याची टोकं टेकवली.

काही नाही.
खोडरबराने ठिपके घासले. पुन्हा टेकवली.

पडदा पांढरा झाला.
त्सियालाने माझं मनगट धरलं, मी हललो असतो तर संपलंच होतं.
मग यादी आली, पूर्ण, खालपर्यंत.

गुराम पियानो लावायचा, चाळीस वर्षं.
याला आमची अक्षरं येत नसत, म्हणून त्याने
आमचीच भाषा परक्या अक्षरांत कोंबली होती:
एतेरी, तिसरा मजला, ओल, हातोड्यांना कसर.
शाळा क्रमांक अकरा, मुख्याध्यापिकेला खरं सांगू नये.
डॉक्टर शेंगेलिया, पैसे नाहीत, जुनी वाइन.

आणि सगळ्यांत शेवटी: घर.
मधला 'ला' उतरलेला. तिला कळत नाही. राहू दे.

ती बराच वेळ वाचत राहिली, एकच ओळ.
"कळत होतं," ती म्हणाली.
"वीस वर्षं कळत होतं. म्हटलं, दमून येतो."

पैसे मी अर्धेच घेतले, तेही तिने मोजून दिले.
तुटलेल्या बटणाच्या जागी एक तार बाहेर काढून ठेवली,
आता साध्या पिनेनेही उठेल, सांगितलं,
फक्त अंगठा लांब ठेवायचा.

"आणि नाही ठेवला तर?"
"तर कोरं. दुकानातून आणलं तसं."

तिने माझ्या डबीतून एक पिन उचलली,
उजेडात धरून टोक पाहिलं,
आणि केसांत खोचली.